वाढत्या पायांची सँडल: पट्टे तेच, सोल नवा

तीन ते सहा वर्षांच्या मुलाचं पाऊल महिन्याला साधारण एक मिलिमीटर वाढतं. तीनच्या आतल्या बाळाचं दीडच्या आसपास. म्हणजे बालवाडीतल्या पोराचं पाऊल वर्षभरात बारा मिलिमीटर लांब होतं. युरोपीय मापाचा एक नंबर 6.67 मिलिमीटरचा, ब्रिटिश मापाचा 8.46 चा. हिशेब केला तर वर्षाला जवळजवळ दोन युरोपीय किंवा दीड ब्रिटिश नंबर होतात. मेमध्ये पुरुमेंताच्या, म्हणजे गोव्यातल्या पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या खरेदीत घेतलेली पावसाळी सँडल गणपतीच्या चवथीपर्यंत नीट बसते आणि पुढच्या मेमध्ये बोटं कडेवर आलेली असतात. यावर घराघरांत एकच तोडगा ठरलेला: दोन नंबर मोठी घ्या, वाढीला होईल.

हा तोडगा लांबीपुरता बरोबर आहे. चुकतं ते चवड्यापाशी. चालताना पाऊल चवड्यावर वाकतं. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तो टाचेपासून पावलाच्या लांबीच्या 72-73 टक्क्यांवर असतो. करंगळीच्या बाजूचा सांधा 63 टक्क्यांच्या आसपास. म्हणून वाकण्याची रेष तिरकी जाते. आता 165 मिलिमीटरचं पाऊल 185 झालं असं धरा. अंगठ्याकडचा सांधा टाचेपासून सुमारे 120 मिलिमीटरवर होता, तो 134 वर गेला. वीस मिलिमीटर वाढीतले चौदा-पंधरा चवड्याच्या मागे पडले, पुढे जेमतेम पाच-सहा.

दोन नंबर मोठ्या सँडलचा सोल ज्या जागी वाकायला बनवलेला असतो ती जागा मुलाच्या चवड्याच्या सुमारे दहा मिलिमीटर पुढे, म्हणजे बोटांखाली येते. चवड्यापाशी सोल ताठ राहतो. मूल मग पाय फरपटत चालतं, नाहीतर सँडल सुटू नये म्हणून बोटं आत वळवून ती धरून ठेवतं. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या पायरीवर पुढची मोकळी कड अडकून ठेच लागते ती वेगळीच. वाढत्या मुलांसाठी पादत्राण बनवणाऱ्याने लांबीआधी ही वाकण्याची रेष सांभाळली पाहिजे. लांबी कुणीही वाढवून देतं.

वाढणारी पादत्राणं बाजारात आहेत. अमेरिकेतल्या ‘बिकॉज इंटरनॅशनल’ या संस्थेची ‘द शू दॅट ग्रोज’ ही सँडल पुढे, बाजूला आणि टाचेला सोडवत पाच मापं वाढवता येते. पुण्याच्या ‘अरेटो’ने सोलमध्ये ताणल्या जाणाऱ्या खाचा आणि वरून लवचीक विणकाम असा मार्ग घेतला आहे. दोन्हींमागचा विचार पक्का आहे. जिथे मुलाला दुसरा जोड मिळण्याची खात्रीच नाही, तिथे एक सँडल पाच वर्षं टिकणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण गोव्यात, जून ते सप्टेंबर तांबड्या चिखलात आणि उरलेलं वर्ष वाळूत आणि धुळीत वापरायची सँडल बनवायची असेल, तर सरकणारे सांधे आणि उघडझाप होणाऱ्या खाचा टाळाव्यात असं आमचं स्पष्ट मत आहे. जांभ्याची बारीक भुकटी सांध्यात बसते, पाण्याने तिचा लगदा होतो, वाळला की सांधा जाम. जोर लावून ओढला की कड फाटते.

शिवाय चार-पाच वर्षांच्या मुलाचा सोल दहा-बारा महिन्यांत टाचेशी झिजलेला असतोच. म्हणून सोल वाढवण्याच्या खटाटोपात न पडता सोल बदलता येईल आणि पट्टे तेच राहतील अशी रचना करावी. पट्टे अनेक वर्षं टिकतात. सोल टिकत नाही, आणि प्रत्येक नव्या सोलवर वाकण्याची रेष त्या वेळच्या पावलाप्रमाणे आखता येते.

माप आणि सोलच्या तीन पायऱ्या

माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभर खेळून पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. भिंतीला लागून फरशीवर कागद ठेवा, मुलाला टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा. बसवून माप घेतलं तर काही मिलिमीटर कमी भरतं, कारण भार पडला की पाऊल पसरतं. सर्वांत लांब बोटापुढे जाड पुस्तक उभं धरा आणि रेघ मारा. सर्वांत लांब बोट अंगठाच असतो असं नाही, काहींचं दुसरं बोट पुढे असतं. दोन्ही पायांची मापं घ्या आणि मोठं माप धरा. मग पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ फिरवा आणि दोन्ही सांध्यांच्या जागी खुणा करा. तीन वर्षांच्या आत दर दोन महिन्यांनी, सहापर्यंत दर तीन महिन्यांनी, पुढे चार महिन्यांनी माप घेतलं की पुरे. अंगठ्याने दाबून ‘जागा आहे’ म्हणणं सोडून द्यावं. दाब लागला की मूल बोटं आत घेतं. त्यापेक्षा पुठ्ठ्याची पट्टी पावलापेक्षा दहा मिलिमीटर लांब कापून सोलवर ठेवावी. पट्टी कडेबाहेर आली की सोल बदलायची वेळ जवळ आली.

सोल तीन लांबींचे धरू: 180, 190 आणि 200 मिलिमीटर, टाच टेकते तिथून पुढच्या कडेपर्यंत. मागे आणखी तीन मिलिमीटर कड सोडायची. पहिला सोल 165 ते 175 च्या पावलाला, दुसरा 175 ते 185 ला, तिसरा 185 ते 195 ला. सुरुवातीला बोटापुढे पंधरा मिलिमीटर मोकळे असतात, बदलायच्या वेळी पाच. पंधरापेक्षा जास्त सोडले तर पायरीवर अडकतं, पाचपेक्षा कमी उरले तर धावताना बोट कडेवर आपटतं. एक सोल साधारण दहा महिने, तीन मिळून अडीच वर्षं.

वाकण्याची रेष प्रत्येक सोलच्या मधल्या मापावर आखायची. 170 च्या पावलाला आतल्या कडेला टाचेपासून 123 आणि बाहेरच्या कडेला 107 मिलिमीटर. 180 ला 130 आणि 113. 190 ला 138 आणि 120. अशाने पावलाची खरी रेष आणि सोलची रेष यांत कधीच चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडत नाही. या रेषेवर खालच्या रबरात एक मिलिमीटर खोल तीन समांतर खाचा द्या. त्याहून खोल दिल्या तर तिथूनच तडा जातो.

सोलचा आकार तयार फर्म्यावरून (पावलाच्या साच्यावरून) काढू नका, कागदावर काढलेल्या पावलावरून काढा. आपल्याकडची पावलं चवड्याशी रुंद असतात आणि युरोपीय फर्मे अरुंद. चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरात एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली आणि त्यावरून ‘भा’ ही भारतीय मापपद्धती सुचवली, ती याच कारणाने. चवड्याशी दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर सोडा. अंगठ्याकडची आतली कड अंगठ्याच्या टोकापर्यंत सरळ जाऊ द्या. दुकानातल्या बहुतेक सँडलींची ही कड पुढे आत वळते आणि अंगठ्याला करंगळीकडे ढकलते.

तीन थर आणि दोन बोगदे

सोल दहा मिलिमीटर जाड. वर चार मिलिमीटर ईव्हीए (हलका, लवचीक फोम), मधे दोन मिलिमीटर ईव्हीए, खाली चार मिलिमीटर रबर, त्यातले दोन मिलिमीटर नक्षीचे. या मधल्या थरात खरी करामत आहे. तो सलग लावायचा नाही. तीन तुकड्यांत कापून त्यांच्यामधे 24 मिलिमीटर रुंदीच्या दोन मोकळ्या फटी ठेवायच्या. वरचा आणि खालचा थर चिकटवला की या फटींचे दोन आडवे बोगदे तयार होतात. पट्टा एका बाजूने वरच्या थरातल्या भोकातून खाली जातो, बोगद्यातून पावलाखालून पार होतो आणि दुसऱ्या बाजूने वर येतो. कुठेही शिवलेला नाही, चिकटवलेला नाही. सोल झिजला की पट्टा ओढून काढा आणि नव्यात ओवा.

पुढचा बोगदा वाकण्याच्या रेषेला समांतर, तिच्या आठ-दहा मिलिमीटर मागे. रेषेवरच भोक पाडलं तर प्रत्येक पावलागणिक ते उघडतं-मिटतं आणि दोन-तीन महिन्यांत फाटतं. मागचा बोगदा टाचेपासून पावलाच्या लांबीच्या 35 टक्क्यांवर, 170 च्या पावलाला साठ मिलिमीटरवर. भोकं 22 मिलिमीटर लांब, तीन रुंद, कडेपासून निदान आठ मिलिमीटर आत. भोकाच्या दोन्ही टोकांना आधी तीन मिलिमीटरचा गोल पंच मारा आणि मग रापीने, म्हणजे चांभाराच्या सुरीने, मधलं कापा. टोक चौकोनी राहिलं तर फाटायला तिथूनच सुरुवात होते.

पट्टा वीस मिलिमीटर रुंद, दीड जाड, पॉलिप्रॉपिलीनचा. हे पाणी पीत नाही. नायलॉन भिजला की सैल पडतो, सुती पट्टी दोन पावसांत कुजते. एका सँडलला पुढच्या बोगद्यातला पुढचा पट्टा 290 मिलिमीटर, मागच्या बोगद्यातला मधला 320, टाचेचा 210. जोडाला सुमारे 1.64 मीटर लागतात, दोन मीटर घ्यावेत. यात वाढीसाठी प्रत्येक वेढ्यात पंचवीस मिलिमीटर धरले आहेत, कारण तीस मिलिमीटर लांबी वाढेपर्यंत चवड्याचा घेर बावीस-तेवीस मिलिमीटरने वाढतो. टोकं तापवलेल्या सुरीने कापा म्हणजे धागे सुटत नाहीत. टाचेचा पट्टा मधल्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंना फासा शिवून अडकवा, सोलला जोडू नका. फासा मधल्या पट्ट्यावर मागेपुढे सरकतो आणि टाच वाढली तरी पट्टा तिच्या मागेच राहतो. पाच वर्षांखालच्या मुलाला टाचेच्या पट्ट्याशिवाय काही घालू नये. नुसत्या स्लिपरवर बोटं सतत आवळलेली राहतात.

मापाचं समायोजन आणि रोजची उघडझाप वेगवेगळी ठेवा. पुढच्या आणि टाचेच्या पट्ट्याला दप्तराला असतं तसं प्लास्टिकचं बक्कल, ते मोठ्यांनी महिन्यातून एकदा बघायचं. मधल्या पट्ट्याला वेल्क्रो, निदान चाळीस मिलिमीटर एकावर एक येईल इतका, तो मुलाच्या हातचा. लोखंडी बक्कल इथल्या खाऱ्या हवेत वर्षभरात गंजतं आणि पट्टा कापत जातं. वेल्क्रोत जांभ्याची धूळ आणि कुसळं अडकली की तो धरत नाही, जुन्या दातब्रशने उलट दिशेने घासला की पुन्हा धरतो. पॉलिप्रॉपिलीन गुळगुळीत असल्यामुळे ओला पट्टा बक्कलातून हळूहळू सरकतो. म्हणून उरलेलं टोक बक्कलातून एकदा परत मागे फिरवून घ्या. ते लोंबत राहिलं तर दुसरं पाऊल त्यावर पडतं.

आता चिकटवण्याचं काम, कारण नव्या बनवणाऱ्यांचे सर्वांत जास्त जोड इथेच सुटतात. ईव्हीए आणि रबर दोन्ही साठ-ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडा. चमक पूर्ण गेली पाहिजे. भुकटी पुसा, ईव्हीएला प्राइमर लावा. बोगद्याच्या जागी कागदी चिकटपट्टी लावून मग निओप्रीनचं सोल्युशन दोन हात द्या, प्रत्येक हात पंधरा-वीस मिनिटं सुकू द्या. बोटाला चिकटेना झालं की चिकटपट्टी काढा आणि जोडून मधून कडेकडे ठोका. पावसाळ्यात मात्र यात एक घात आहे. सोल्युशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. नीट पाहिलं तर पांढुरका, मंद थर दिसतो. तसंच जोडलं तर हाताला घट्ट लागतं, पण आठवड्यात पापुद्रा सुटावा तसं सुटतं. जोडण्याआधी केस वाळवायच्या यंत्राने दोन्ही बाजू चांगल्या गरम करा, तो मंदपणा जाऊन पुन्हा चमक येईपर्यंत. जोडल्यावर चोवीस तास पाणी लागू देऊ नका. सोल्युशनमध्ये टोल्युइन असतं, दारं-खिडक्या उघड्या ठेवून काम करा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. कडेने जाड पॉलिएस्टर दोऱ्याची शिलाई मारता आली तर उत्तम. दोरा खाली खाचेत बसला पाहिजे, नाहीतर जमिनीला घासून आधी तोच तुटतो.

रबर मऊ घ्या, नख रुतवलं तर ठसा उमटून नाहीसा होईल इतपत. कडक पीव्हीसीचा सोल शेवाळलेल्या चिऱ्यावर आणि ओल्या फरशीवर घसरतो, नक्षी कितीही खोल असो. नक्षीतल्या फटी तीन-चार मिलिमीटर रुंद हव्यात, त्याहून बारीक असल्या तर चिखलाने बुजतात. तयार सोल दोन बोटांत धरून वाकवून बघा. रेषेवरच आणि सहज वाकला पाहिजे. जुन्या टायरचे सोल मुलांसाठी नकोत. जड असतात, वाकत नाहीत, आणि टायरच्या रबरात असलेली रसायनं मुलांच्या त्वचेशी येऊ नयेत.

टिकाऊ कशाला म्हणायचं

काथ्या, ताग, सुती कॅनव्हास ही नावं ऐकायला चांगली वाटतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ती मुलांच्या पायात चार महिने ओली राहतात, बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते आणि दिवाळीआधी सँडल टाकून द्यावी लागते. चामड्याचंही पावसात तेच. कोल्हापुरीचा सोल चामड्याच्या वादीने शिवलेला असल्यामुळे उसवून बदलता येतो, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट आहे, पण ती ऑक्टोबर ते मेची वस्तू.

पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) सोलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात पालक हमखास फसतात. हलका, मऊ, दुकानात छान वाटतो. त्यातला पॉलिएस्टर जातीचा पीयू उष्ण आणि दमट हवेत आपोआप तुटत जातो, न वापरताही. थोरल्याची सँडल धाकट्यासाठी कपाटात जपून ठेवावी आणि दोन वर्षांनी काढली की सोलचा भुगा हातात यावा, हे गोव्याच्या हवेत अगदी नेहमीचं. ठेवणीतल्या सँडलसाठी रबर आणि ईव्हीएच घ्यावं. ईव्हीए दाबून बसतं पण भुगा होत नाही.

पट्टे, बक्कल, रबर, ईव्हीए सगळं एकजीव चिकटवलेलं असलं की टाकताना काहीच वेगळं करता येत नाही. अशा मिश्र वस्तू पुनर्वापरात जात नाहीत. गोव्यातला असा कचरा गठ्ठे बांधून सिमेंटच्या भट्ट्यांकडे जाळायला जातो. या रचनेत दर दहा महिन्यांनी फक्त झिजलेला सोल बाहेर पडतो.

बंद बुटांविषयी पालक विचारतात. राव आणि जोसेफ या कस्तुरबा मेडिकल कॉलेजच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी 1992 मध्ये 4 ते 13 वयाच्या 2300 मुलांच्या पावलांच्या ठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पादत्राण वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण 8.6 टक्के आणि अनवाणी मुलांत 2.8 टक्के होतं. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होतं, सँडल आणि स्लिपरवाल्यांत कमी. म्हणून घरात, शेणाने सारवलेल्या अंगणात, समुद्रकाठी मुलांना अनवाणीच राहू द्यावं. सँडल रस्त्यासाठी आणि शाळेसाठी. पावसात बऱ्याच शाळा बुटांऐवजी सँडल चालवून घेतात, ती मुभा जरूर वापरावी.

धाकट्याला देताना पट्टे साबणाच्या पाण्यात धुऊन, उन्हात न ठेवता सावलीत वाळवून द्यावेत. पॉलिप्रॉपिलीन सततच्या उन्हाने ठिसूळ होतं. बोगद्यात साचलेली वाळू नळाखाली धरून तारेने काढावी. सोल मात्र नीट पारखून घ्यावा. ईव्हीएवर थोरल्याच्या टाचेचा आणि चवड्याचा ठसा बसलेला असतो, आणि धाकटं मूल त्या खळग्यांत चालू लागतं. सपाट फरशीवर सोल ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला तीन मिलिमीटरहून जास्त झिजली असेल तर तो सोल देऊ नका. झीज सारखी असेल आणि नुसता वरचा थर दबला असेल, तर तोच थर रापीने सोडवून नवा चार मिलिमीटरचा लावता येतो. भोकं पाडलेला जुना थर साचा म्हणून वापरला की नव्यातली भोकं नेमकी बोगद्यांवर येतात.